सातबारा जिवंत केला, खात्यांचं काय?

२०२५ च्या एप्रिल-मेमध्ये महसूल विभागाने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली. उताऱ्यांवर मयत खातेदारांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिली होती, ती कमी करून वारसांची नावं लावायची, असं काम. त्याची गरज किती होती हे आमच्या सांगली जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जमीन आजोबांच्या नावावर, वडीलही गेलेले, आणि नातू पीककर्जाला गेला की अडला. उताऱ्यावर ज्याचं नाव आहे तो सहीला येऊ शकत नाही, आणि जो रान कसतो त्याचं नाव उताऱ्यावर नाही. वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावं, असं जमीन महसूल संहिता १९६६ पासून सांगते आहे. तरी जवळपास साठ वर्षांनी मोहीम काढावी लागली.

आता आपल्या प्रत्येकाच्या नावावर दुसरीही खातेदारी आहे. जीमेल, फोटो, व्हॉट्सअॅप, फेसबुक, यूपीआय, डीमॅट, डिजीलॉकर, वीजबिलाचं अॅप, विम्याची ईमेलवर आलेली पॉलिसी. माणूस गेला की या सगळ्याचं काय होतं, याची नोंद ना तलाठ्याकडे, ना घरात कुणाकडे. हा प्रश्न घरोघरच्या नीटनेटकेपणावर सोडून देण्यासारखा नाही, तो सार्वजनिक आहे, असं मला ठामपणे वाटतं. आणि 'पासवर्ड वहीत लिहून ठेवा' हे त्याचं उत्तर नव्हे. आपल्यामागे कुणाला काय उघडावं आणि काय कुणालाच उघडू नये, हे माणसाने हयातीतच ठरवायला हवं. जो न ठरवता गेला, त्याच्यासाठी कायद्याने ठरवून ठेवायला हवं. आज यातलं पहिलं जवळजवळ कुणी करत नाही आणि दुसरं अस्तित्वातच नाही.

मिरजेच्या एका दवाखान्याबाहेर मी हे जवळून पाहिलं. आमच्या गल्लीतले अण्णा अचानक गेले. बॉडी ताब्यात मिळायला वेळ होता. पुतण्या त्यांचा फोन घेऊन काकूंजवळ आला. "काकू, अण्णांचा पॅटर्न माहिताय का तुम्हाला?" काकूंनी नुसती मान हलवली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आत जाऊन अंगठा लावून बघा की." पुतण्या आत गेला, थोड्या वेळाने तसाच परत आला. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो. ज्यांना कळवायचं ते सगळे नंबर त्या फोनमध्ये होते, मेडिक्लेमचं कार्डही त्यातच होतं. फोन उघडत नव्हता, पण येणारा कॉल घेता येत होता. म्हणून रक्षाविसर्जन होईपर्यंत मुलगा तो फोन चार्ज करून खिशात घेऊन फिरला. जो फोन करील त्याला बातमी कळायची. ज्याने केला नाही त्याला कळली नाही.

ही एका कुटुंबाची गैरसोय झाली, पण तिच्या मुळाशी जे आहे ते सगळीकडे सारखंच आहे. आपल्याकडे सगळ्या खात्यांची खरी किल्ली पासवर्ड नसून सिमकार्ड आहे. बँक, आधार, गॅस, पेन्शन, मुलांची शाळा, सगळे एकाच नंबरवर ओटीपी पाठवतात, आणि बहुतेक घरांत तो नंबर घरातल्या कर्त्या पुरुषाचा असतो. तो गेला की पहिल्या महिन्यात रिचार्जकडे कुणाचं लक्ष जात नाही. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरात नसलं आणि त्यात शिल्लकही नसली की ते बंद होऊ शकतं. बंद झालेला नंबर पुढचे निदान नव्वद दिवस कुणाला देता येत नाही, पण त्यानंतर देता येतो. व्हॉट्सअॅप तर साधारण एकशेवीस दिवस वापर नसलेलं खातं काढूनच टाकतं. मग एखाद्या सकाळी मुलीच्या फोनवर 'बाबा' नावाने सेव्ह असलेल्या नंबरापुढे कुणा परक्या पोराचा गॉगल घातलेला फोटो दिसतो. त्या पोराचा त्यात काही दोष नाही. त्याला नवीन नंबर मिळाला आहे.

या एका नंबरावरच्या भिस्तीचा फटका बायकांना जास्त बसतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी लागू लागला, तेव्हा ज्यांचे दोघेही हयात नव्हते त्या बायकांनी काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. शेवटी सरकारला त्यांच्यासाठी मृत्यूच्या दाखल्यावर वेगळी सोय करावी लागली. योजना आखताना हे लक्षात येऊ नये, याचं मला वाईट वाटतं. पण घरात आपणही तेच करत आलो आहोत. बायकोच्या नावाने खातं काढतो आणि नंबर आपला देतो.

विटा, खानापूर, आटपाडीकडच्या वाचकांनी तर हे फार मनावर घ्यावं. तिकडची हजारो कुटुंबं गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेली आहेत. सोनं-चांदी गाळण्याचं दुकान दूर कुठेतरी दक्षिणेत नाहीतर उत्तरेत, आणि आईवडील, कधी बायकोही गावाकडे. दुकानाचा रोजचा व्यवहार आता फोनवर चालतो. कुणाचा किती माल आला, कुणाचे किती पैसे राहिले, हे व्हॉट्सअॅपच्या संदेशांत असतं. असा माणूस तिकडे अपघातात गेला तर गावी देह येतो, फोनही येतो, पण त्या फोनमधली येणी-देणी येत नाहीत. घेणेकरी मात्र बरोबर दारात येतात. येण्याची नोंद बंद फोनमध्ये आणि देण्याची नोंद समोरच्याच्या हातात, अशा अवस्थेत गावातल्या विधवेने कुणाशी काय बोलायचं?

म्हणून लोक लगेच म्हणतात, बायकोला पिन सांगून ठेवा, संपला विषय. विषय तिथे संपत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या यूपीआयवरून किंवा एटीएमवरून पैसे काढणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. अंत्यविधीचा खर्च डोक्यावर असतो, त्यामुळे कुणाला त्यात गैरही वाटत नाही. पण मृत्यूच्या क्षणापासून तो पैसा सगळ्या वारसांचा झालेला असतो. आज आईने दवाखान्याचं बिल भागवायला काढलेले पन्नास हजार पुढे वाटणीच्या वेळी धाकट्याच्या तोंडी 'तुम्ही परस्पर काढलेले' होऊन बसतात. पिन हातात असला म्हणून अधिकार हातात येत नाही.

नॉमिनीबद्दलही असाच गैरसमज आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, आणि ते प्रत्येकाने लावावेत. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कालनिर्णयकार जयंतराव साळगावकर यांच्या वारसांमधल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. नॉमिनीच्या हाती ती मालमत्ता येते, पण हक्क मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतो. आणि नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही, खातं होतं हेच घरात कुणाला ठाऊक नाही, अशी वेळ आली तर? फेब्रुवारी २०२३ अखेर सरकारी बँकांनी दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवींचे ३५,०१२ कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केलेले होते. यातले सगळे मयतांचे नसतील. पण घरच्यांना माहितीच नव्हती म्हणून पडून राहिलेला पैसा त्यात किती असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलं. शोधणाऱ्याला निदान बँकेचा अंदाज असला तर ते उपयोगी पडतं.

पैशाचा हा भाग एका परीने सोपा आहे. तिथे कायदा आहे, कागद आहेत, हेलपाटे घालून का होईना मार्ग निघतो. खरी अडचण ज्याची किंमत रुपयांत होत नाही त्याची आहे.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांपर्यंत गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या घरांतून गाळाबरोबर जे बाहेर काढलं त्यात लग्नाचे अल्बम होते. पानं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला. एका आजींनी एकेक पान सुटं करून दोरीवर वाळत घातलेलं मी पाहिलं. रंग सगळे एकमेकांत उतरले होते आणि चेहरा एकाचाही ओळखू येत नव्हता. त्यानंतर कितीतरी घरांत उरलेसुरले फोटो स्कॅन करून गूगलवर टाकायची सुरुवात झाली. ते योग्यच केलं, कृष्णेचं पाणी तिथपर्यंत पोचत नाही. पण ते फोटो कुणाच्या खात्यात आहेत? ज्या मुलाने हौसेने हे केलं, त्याच्या एकट्याच्या. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणाप्रमाणे दोन वर्षं वापर नसलेलं वैयक्तिक खातं, त्यातल्या मेल आणि फोटोंसकट, काढून टाकलं जाऊ शकतं. पुराने जे नेलं नाही ते अशा तऱ्हेने जाऊ शकतं.

आणि हे टाळायची सोय त्याच गूगलमध्ये २०१३ पासून आहे. 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' असं तिचं नाव. खातं किती महिने बंद राहिलं तर तुम्ही गेलात असं समजायचं ते तुम्ही सांगायचं. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने. त्यानंतर कुणाला कळवायचं ती दहापर्यंत माणसं नेमायची, आणि कुणाला काय द्यायचं तेही वेगवेगळं सांगायचं. थोरल्या मुलीला फोटो, भागीदाराला ड्राइव्हमधले हिशोब, मेल कुणालाच नाही, असं करता येतं. हवं तर शेवटी खातं पुसून टाका असंही सांगता येतं. फेसबुकने २०१५ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' दिला आहे. तो माणूस तुमच्या स्मृतिपानाची देखभाल करतो, पण तुमचे खासगी संदेश त्याला वाचता येत नाहीत. अॅपलची अशीच सोय २०२१ च्या अखेरीस आली. त्यात नेमलेल्या माणसाजवळ एक कोड असावा लागतो, तो आणि मृत्यूचा दाखला दिला की तीन वर्षं मजकूर बघता येतो, साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. डिजीलॉकरमध्ये १ एप्रिल २०२५ पासून नॉमिनी नेमता येतो. त्याला तुमच्यामागे शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचं विवरण दिसू शकतं, म्हणजे शोधाशोध वाचते. हे सगळं करायला एक दुपार पुरते.

'कुणाला काय द्यायचं ते वेगवेगळं' ही या सोयींमधली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि आपल्या चर्चेत तिचा उल्लेखही होत नाही. आपण धरून चालतो की गेलेल्या माणसाचं सगळं घरच्यांचं. जमीन, दागिने, भांडी यांच्याबाबत ते बरोबर आहे. संदेशांच्या बाबतीत मला ते मान्य नाही.

जर्मनीत २०१२ मध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी बर्लिनच्या भुयारी रेल्वेखाली सापडून गेली. तो अपघात होता की तिने जीव दिला, हे आईवडिलांना जाणून घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी तिचं फेसबुक खातं मागितलं. खटला सर्वोच्च पातळीवर गेला आणि जुलै २०१८ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. डायऱ्या आणि पत्रं वारसांकडे जातात, तसं हे खातंही जाईल, असा त्याचा आधार. त्या आईवडिलांचं दुःख समोर आणलं की निकालाविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. तरी आपल्याकडे सरसकट हाच नियम व्हावा, असं मी म्हणणार नाही.

कारण संदेशाला दोन माणसं असतात, आणि त्यातलं एक अजून जिवंत आहे. एखादी बाई मैत्रिणीला लिहिते की नवरा हात उगारतो. ती मैत्रीण गेली, तिचा फोन तिच्या दिराच्या हातात आला, आणि दीर हा त्या नवऱ्याच्या उठण्या-बसण्यातला. पुढे काय होईल ते सांगायला नको. एखाद्या मुलीचं दुसऱ्या जातीतल्या मुलावर प्रेम आहे, घरी माहीत नाही, आणि ती आजारपणात गेली. तिच्या फोनमधले संदेश तिच्या भावांनी वाचणं हे त्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं. कर्जाने पिचलेला एखादा बागायतदार रात्री अकरा वाजता मित्राला काय लिहितो, ते त्याने त्या मित्रासाठीच लिहिलेलं असतं, मित्राच्या वारसांसाठी नव्हे. सांगलीसारख्या शहरात, जिथे दोन घरं सोडून तिसऱ्यात ओळख निघते, तिथे उघड झालेला एक संदेश पिढीभर माणसाच्या मागे लागतो. मेलेल्याची अब्रू आहे आणि त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्या जिवंत माणसाचीही आहे. वारसाच्या कुतूहलापेक्षा, अगदी त्याच्या दुःखापेक्षाही, मी तिला वर ठेवतो. मृत्यू संशयास्पद असेल तर पोलीस आणि न्यायालय आहेतच, तो मार्ग वेगळा.

म्हणून न सांगता गेलेल्या माणसाबाबत कायद्याचा मूळ नियम असा असावा: फोटो, कागदपत्रं, हिशोब आणि पैशाच्या नोंदी वारसांना ठरलेल्या मुदतीत मिळाव्यात. खासगी संदेश बंदच राहावेत, जोवर गेलेल्याने स्वतः ते कुणाच्या नावे केलेले नाहीत. हिशोब संदेशांतच असतील, गलाईवाल्याचे असतात तसे, तर तेवढा भाग न्यायालयामार्फत काढून मिळावा. हे अवघड आहे, पण अशक्य नाही. आज आपल्या कायद्यात यातलं काहीच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याचं कलम १४ एवढंच म्हणतं की आपल्या मृत्यूनंतर किंवा आपण असमर्थ झाल्यावर आपले हक्क कुणी बजावायचे, तो माणूस आपण नेमू शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि हक्कांची ही कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. पाऊल चांगलं आहे. पण ज्याने कुणाला नेमलंच नाही त्याचं काय, यावर ते कलम काही बोलत नाही. आणि न नेमणारेच बहुसंख्य असणार, हे सातबाऱ्याच्या अनुभवावरून आपल्याला कळायला हवं होतं.

कायदा बदलेपर्यंत मृत्युपत्राचा आधार घ्यावा. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मात्र ते कागदावरच हवं. माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांना मान्यता दिली, पण त्यातून मृत्युपत्र वगळलेलं आहे, त्यामुळे मोबाईलवर टाइप करून ठेवलेली इच्छा कायद्याने मृत्युपत्र ठरत नाही. त्यात कोणती खाती आहेत आणि कोणी काय करावं एवढं लिहावं, पासवर्ड लिहू नयेत. तो कागद पुढे अनेकांच्या हातांतून जातो.

स्थानिक पातळीवरही करण्यासारखं आहे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, म्हणजे महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खिडकीशी प्रत्येक घराला यावंच लागतं. दाखल्याबरोबर तिथेच एक छापील पान का देऊ नये? सिम लगेच बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा, पण त्यावरून पैसे काढू नका. बँकेला कळवा. आधारच्या पोर्टलवर मृत्यू कळवायची सोय २०२५ पासून आहे, ती वापरा. फेसबुकला दाखला पाठवून खातं स्मृतिपान करून घ्या, नाहीतर ते हॅक करून गेलेल्या माणसाच्या नावाने पैसे मागणारे भामटे पुष्कळ आहेत. महापालिकेला याचा छपाईखर्च सोडला तर काही पडणार नाही.

राहतो तो घरातला संकोच. मुलाने विषय काढला तर 'माझ्या मरणावर टपलाय' असं वडिलांना वाटतं, सुनेने काढला तर विचारायलाच नको. म्हणून सुरुवात थोरल्यांनी करावी, त्यांनीच फोन पुढे करून मुलाला जवळ बसवावं. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात, नाहीतर घरीच नातवाच्या मदतीने फोनवर चेहरा दाखवून तो भरतात. त्या वेळी फोन हातात असतो, मदतीला घरचं कुणीतरी असतं, आणि बोलणं हयातीचंच चाललेलं असतं. त्याच बैठकीत गूगलमध्ये माणूस नेमून टाकावा, बँकेतला नॉमिनी तपासावा, बायकोच्या खात्याला बायकोचा नंबर लावावा. बँकांनीही त्या महिन्यात रांगेतल्या प्रत्येकाला हे विचारावं. सांगली-मिरजेतल्या पेन्शनर संघटनांनी यंदाच्या नोव्हेंबरसाठी आपापल्या शाखेकडे ही मागणी आतापासूनच लावून धरावी.